कोपराची उंची

फेब्रुवारीपासून मान उजवीकडे वळत नव्हती.
उजवीकडून कुणी हाक मारली
तर मी अख्खी वळायचे, दारासारखी.

काम घरूनच, मच्छीमार सोसायटीचं.
सर्जेकोटच्या एकशे चौदा होड्या,
त्यांचे डिझेल परताव्याचे अर्ज,
इंजिन नंबर, लायसन, लिटर,
आणि खाऱ्या हवेनं अडकलेलं एक बटण,
ज्याच्यापायी रामचंद्र तांडेल
सरकारदरबारी आठवडाभर 'आमचंद' होता.

लॅपटॉप मांडीवर घेतला तर मांडी तापायची.
तांदळाच्या पिंपावर ठेवला तर गुडघे कुठे घालायचे?
शिलाई मशीनवर ठेवला
तर पाय आपोआप पायडल मारायला लागला
आणि अर्जातले आकडे थरथरले.
कुडाळची डॉक्टरीण म्हणाली, काटकोन.
कोपर काटकोनात, गुडघा काटकोनात.
माझ्या घरात काटकोन फक्त
भिंतीवरच्या कॅलेंडरला होता.

गुणाजी मेस्त्री खिडकीची कडी बसवायला आले
आणि कडी हातात तशीच ठेवून बघत राहिले.
"काय गो, होडयेतला पाणी उपसतंस काय
अशी वाकून?"

टेप नव्हता त्यांच्याकडे.
खिशातून सुतळी काढली.
मला भिंतीला टेकवून बसवलं,
डोळ्यांपाशी एक गाठ,
कोपरापाशी दुसरी,
टाच जिथे टेकायला हवी तिथे तिसरी.
"वल्ह्याक पण माणूस बघून लांबी देतत," म्हणाले,
"हेका कोणी दिल्यान नाय?"

चार दिवसांनी फणसाच्या फळीची घडवंची आली,
पिवळी, अजून वास येणारी.
पडदा डोळ्यांसमोर आला, छान.
पण हात आता खांद्याएवढे वर,
जशी मी कुणाला तरी शरण जातेय.
मग वेगळा कीबोर्ड मागवला,
तो एसटीच्या पार्सलातून, दोन दिवस उशिरा.
पाय तरी लोंबतच होते. त्यांच्याखाली
मेस्त्रींनी तुटक्या वल्ह्याचं पातं सरकवलं.

शेवटी टेबल फिरवलं.
खाडी पाठीशी घेतली तर ऊन पडद्यावर सांडतं,
समोर घेतली तर डोळे दिपतात.
ती बाजूलाच बरी,
शेजारणीसारखी,
अधूनमधून बघायला.
वीस मिनिटांनी एकदा लांबवर नजर टाकायची
असं डॉक्टरणीनं कागदावर लिहून दिलंय.
इथे लांबवर टाकायला पुष्कळ आहे.

निघताना मेस्त्री खुर्चीत जरा बसून बघू म्हणाले.
पाठ खुर्चीला लागलीच नाही त्यांची.
पडद्यावरची नावं बोटानं वाचत गेले,
यातल्या कितीतरी होड्या त्यांच्या हातच्या,
फायबरच्या यायच्या आधीच्या.
"हेच्यात माझा नाव खंय आसा?"
मी म्हटलं, मेस्त्री,
डिझेल फक्त होडीला लागतं.
"ता पण खराच," म्हणाले, आणि
मजुरीतले वीस रुपये परत करून गेले.

सुतळी खिळ्याला तशीच राहिली होती.
तिन्ही गाठींसकट मी,
भिंतीवर लोंबणारी.

रविवारी ती घेऊन त्यांच्या मांगरात गेले.
ते उकिडवे, तासणी दोन पायांच्या मध्ये,
हनुवटी जवळजवळ लाकडाला.
मी म्हटलं, उभे राहा जरा.
हसले. "माझा माप आता चौघे घेतीत,
खांद्यावर."
तरी राहिले उभे,
जेवढं राहता आलं तेवढे.
कोपरापाशी मी चौथी गाठ मारली.

आवाटातल्या दोन पोरांना घेऊन
त्यांच्या ओंडक्याखाली चिरे लावले,
एकावर एक, गाठीपर्यंत.
"कशाक गो ही उठाठेव," ते म्हणत राहिले,
पण चिरा डुगडुगला तेव्हा
पाचर स्वतःच कापून दिली.

आता दुपारी अर्ज भरताना
उजवीकडून ठोके ऐकू येतात,
पूर्वीपेक्षा थोडे वरून.
मी मान वळवून बघते.
पूर्ण नाही वळत अजून,
पण मांगराच्या कोपऱ्यापर्यंत पोचते.